गोलीची कारकीर्द: चेहऱ्यापासून खुब्यापर्यंत

मंडळी, आइस हॉकीतला व्यावसायिक गोली, म्हणजे गोलरक्षक, इतक्या उशिरा का फुलतो, हा आजचा विषय. त्याकडे येणारच आहे. पण आधी मुखवट्याबद्दल बोलू द्या, कारण ती हकीकत नेहमी अर्धीच सांगितली जाते आणि त्याची मला मनापासून चीड आहे.

पक म्हणजे टणक रबराची चकती. व्यास ३ इंच, जाडी १ इंच, वजन साधारण १७० ग्रॅम. सामन्याआधी ती गोठवून ठेवतात, कारण ऊब लागलेलं रबर बर्फावर उड्या मारतं. ताशी १६० किलोमीटर वेगानं ती दहा मीटरवरून सुटली, तर गोलीकडे पाव सेकंदही नसतो. आणि १९५९ सालापर्यंत नॅशनल हॉकी लीग या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधले गोली तिच्यासमोर उघड्या तोंडानं उभे राहत. क्लिंट बेनेडिक्टनं १९३०मध्ये चामड्याचा मुखवटा थोडे सामने वापरून पाहिला, पण नाकावरच्या भागामुळे खालचं दिसेना, म्हणून सोडून दिला.

आता तारीख १ नोव्हेंबर १९५९. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, माँट्रियाल कॅनेडियन्स विरुद्ध रेंजर्स. पहिल्याच सत्रात रेंजर्सच्या अँडी बाथगेटचा फटका माँट्रियालचा गोली जाक प्लांट याच्या तोंडावर बसला. टाके घालायला त्याला आत नेलं. टाके घालून झाल्यावर प्लांटनं प्रशिक्षक टो ब्लेकला सांगितलं, मुखवटा घालू देणार असाल तरच बाहेर येतो. तो आला, माँट्रियाल ३-१ जिंकलं. इथवर सगळे सांगतात, आणि शेवटी म्हणतात, बघा, एका माणसाच्या धैर्यानं खेळ बदलला.

प्लांट धीट होताच. स्वतःच्या लोकरी टोप्या स्वतः विणणारा, दम्याचा त्रास असलेला, जाळं सोडून मागे जाऊन पक अडवणारा माणूस, लोक काय म्हणतील याची त्याला पर्वा नव्हती. पण ब्लेक का नमला? सरावात मुखवटा चालेल, सामन्यात नाही, असं हाच ब्लेक सांगत आला होता. मुखवट्यामुळे पायाजवळची पक दिसणार नाही अशी त्याची शंका होती. त्यातून घाबरलेला गोली म्हणजे संपलेला गोली, ही त्या काळची समजूत. तो नमला, कारण बाकावर दुसरा गोलीच नव्हता! तेव्हा संघ एकच गोली घेऊन फिरत. तो जायबंदी झाला तर यजमानांनी ठेवलेला हौशी गोली उभा करायचा. १९२८च्या अंतिम मालिकेत रेंजर्सचा गोली जखमी झाला, तेव्हा ४४ वर्षांचे व्यवस्थापक लेस्टर पॅट्रिक स्वतः जाळ्यात उभे राहिले होते, आणि रेंजर्सनी तो सामना जिंकलाही.

माझं म्हणणं एवढंच, की उघडा चेहरा हा शौर्याचा प्रश्न नव्हता, नोकरीचा होता. लीगमध्ये संघ सहा, म्हणजे गोलीच्या जागा सहा. भीती वाटते असं म्हणायची सोयच नव्हती, बाहेर दहा जण टपलेले. ग्लेन हॉल १९५५ ते १९६२ सलग ५०२ सामने मुखवट्याशिवाय खेळला. सामन्याआधी त्याला उलटी व्हायची, तरीही जागा सोडली नाही. आणि त्या रात्री प्लांटची बाजू बळकट झाली तीही जागांच्या टंचाईमुळेच, फक्त त्या वेळी टंचाई ब्लेकला भोवली. पुढे मार्च १९६०मध्ये ब्लेकच्या आग्रहावरून डेट्रॉइटविरुद्ध प्लांट एकदा मुखवट्याविना उतरला, संघ ३-० हरला, आणि तो वाद मिटला. त्याच मोसमात माँट्रियालनं सलग पाचवा स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, घेतला. प्रत्येक संघानं दोन गोली तयार ठेवायचे, हा नियम १९६५-६६पासून आला. कारकीर्दी लांबल्या त्यात या नियमाचा वाटा मुखवट्याइतकाच आहे. १९६९चं वेझिना हे गोलींसाठीचं पारितोषिक सेंट लुईसच्या दोन गोलींनी वाटून घेतलं: चाळिशीचा प्लांट आणि सदतीस वर्षांचा हॉल. १९७०च्या अंतिम मालिकेत पक प्लांटच्या मुखवट्यावर इतक्या जोरात बसली की तो बेशुद्ध पडला. मुखवट्यानंच जीव वाचवला, असं तो म्हणाला.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मूळ विषय भरभर सांगतो.

गोली उशिरा फुलतो कारण त्याला थोडं थोडं खेळता येत नाही. पुढे चढाई करणारे फॉरवर्ड फळ्याफळ्यांनी आलटून पालटून उतरतात, त्यामुळे नवा फॉरवर्ड चौथ्या फळीत पाच-सात मिनिटं खेळून शिकतो. गोली एक तर पूर्ण ६० मिनिटं खेळतो किंवा बाकावर बसतो. क्रिकेटमधल्या दुसऱ्या यष्टिरक्षकाची गत आठवा. आज ३२ संघ आहेत, म्हणजे जागा ६४, त्यातल्या निम्म्या बाकावरच्या. डॉमिनिक हाशेक या गोलीची १९८३च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ तरुण खेळाडू क्रमानं निवडतात त्यात, १९९व्या क्रमांकावर निवड झाली, आणि बफेलोत तो पहिल्या पसंतीचा गोली झाला तेव्हा तिशीला टेकला होता. त्यानंतर सहा वेझिना! टिम थॉमस १९९४ला २१७वा, बॉस्टनमध्ये स्थिरावला ३१व्या वर्षी, आणि २०११चा कप जिंकला ३७व्या वर्षी. मधली वर्षं जातात वाचनात: फटका मारणाऱ्याच्या स्टिकचं पातं किती उघडलंय, खांदा कुठे वळलाय, दुसऱ्या खांबाशी कोण मोकळा आहे. किती पुढे सरकून कोन कापायचा, म्हणजे फटक्याला दिसणारी जाळ्याची जागा कमी करायची, हेही तिथेच ठरतं. फूटभर जास्त गेलात की आडवा पास तुम्हाला मारतो.

आता खुबा. चेहरा झाकल्यावर डोकं खाली नेणं परवडू लागलं आणि बटरफ्लाय ही पक अडवण्याची ढब सगळ्यांची झाली. हॉल ती आधीच वापरत होता, उघड्या तोंडानं, पण सरसकट रूढ झाली ती मुखवट्यानंतर. गुडघे जुळवून बर्फावर टेकायचे, पावलं बाहेर फेकायची, पायांवरच्या पॅडची भिंत करायची, मधली फट स्टिकनं बुजवायची. घाई केलीत तर समोरचा थांबतो आणि पक गोलच्या वरच्या आडव्या दांड्याखाली उचलून टाकतो. यात मांडी आतल्या बाजूला वळते, आणि प्रत्येक सरावात असं असंख्य वेळा होतं. मांडीच्या हाडाची मान खोबणीच्या काठावर घासते, काठाचं कूर्चेचं कडं फाटतं. म्हणून आजच्या गोलीच्या वेळापत्रकात खुब्याची ताकद आणि फिरत राखण्याचे व्यायाम रोज असतात. आणि ८२ सामन्यांच्या मोसमात मार्टिन ब्रोडरसारखं वर्षानुवर्षं ७०हून अधिक सामने एकट्यानं ओढणं आता संघ कुणालाच करू देत नाहीत, काम दोघांत वाटतात.