पांदणीने आंभोऱ्याला

(दृश्य: टेबलावर पसरलेला गाव नकाशा. एक बोट दुहेरी तुटक रेषेवरून हळूहळू पुढे सरकतंय.)

गाव नकाशावर ही दुहेरी तुटक रेषा दिसते ना, तो गाडीरस्ता. गाडी म्हणजे अर्थात बैलगाडी. रुंदी १६.५ ते २१ फूट. एकेरी तुटक रेषा असली तर पायरस्ता, ८.२५ फुटांचा. गावात विचाराल तर दोन्हींना एकच नाव: पांदण. नागपूर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावाचा नकाशा उघडा, शिवारात अशा रेषांचं जाळं दिसेल. यातल्या बहुतेक रेषांवर कार जात नाही. जाऊच शकत नाही.

(दृश्य: रविवार, पहाटेचा महामार्ग. सायकलींचे लाल दिवे, शेजारून ट्रक.)

आणि नागपूरचा सायकलवाला कुठे असतो? महामार्गावर. हेल्मेट घालून, मागचा दिवा लुकलुकवत, ट्रकच्या वाऱ्याने हँडल हलणार नाही याची काळजी घेत तो वर्धा रोडने किंवा अमरावती रोडने जातो आणि तर्री-पोह्याच्या वेळेला परत येतो. शहरात रंगवून दिलेल्या सायकल ट्रॅकवर बहुधा कोणाची तरी गाडी उभी असते. त्याबद्दल जास्त बोलण्यात अर्थ नाही.

आपण आज सायकलने निघालोय रामटेकहून कुही तालुक्यातल्या आंभोऱ्याला. पेंचच्या पाण्यापासून वैनगंगेपर्यंत, जमेल तितकं गाड्यांपासून लांब राहून.

(दृश्य: रामटेक स्टेशन. प्लॅटफॉर्मवर सायकली उतरवताहेत.)

रामटेक नागपूरपासून सुमारे ५० किलोमीटर. तिथवर रेल्वेने यावं, हे आमचं ठाम मत. कन्हान स्टेशनवरून रामटेकला वेगळा फाटा येतो. रामटेकला उतरलं की महामार्ग ४४ मागे, पश्चिमेला राहतो आणि तो ओलांडायची वेळच येत नाही. सायकलसाठी वेगळा डबा मात्र नाही. फ्रान्समध्ये ल्वार नदीच्या काठाने सुमारे ९०० किलोमीटरचा सायकलमार्ग आहे. तिथे उन्हाळ्यात रेल्वेगाड्यांना सायकलींसाठी खास डबे जोडतात. इथे सायकलीचं पुढचं चाक काढायचं, दारापासून लांब उभं राहायचं आणि चढणाऱ्या-उतरणाऱ्यांची नजर चुकवायची.

(दृश्य: नहराची पाळ. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला कापणी झालेली धानाची शेतं.)

ही पेंचची नहर. पेंच नदीवर वर तोतलाडोहचं धरण, त्याखाली नवेगाव खैरीचं. तिथून दोन कालवे निघतात. नागपूर शहराची तहानही बरीचशी पेंचच्याच पाण्यावर भागते. डाव्या कालव्याचं पाणी रामटेक आणि मौदा तालुक्यांच्या धानाला मिळतं. दोन्ही कालव्यांच्या पाळीवरून सेवारस्ता जातो. पाटकऱ्याने मोटारसायकलवरून फिरावं, गेट उघडावं, कुठे पाळ फुटली का ते पाहावं, एवढ्यासाठीच तो बांधलेला. सायकलस्वाराचा विचार कोणी केला नव्हता. तरी सायकलला याहून सोयीचा रस्ता मिळणं कठीण.

कारण साधं आहे. नहरीत पाणी पंपाने ढकलत नाहीत, ते आपल्या वजनाने वाहतं. म्हणून नहर जमिनीच्या चढउताराला वळसा घालत, जवळजवळ एकाच उंचीवरून नेलेली असते. काही हजार मीटर गेल्यावर कुठे एक मीटर उतार. शेजारच्या पाळीवरून सायकल चालवताना चढ लागतच नाही. डॅन्यूब नदीकाठचा प्रसिद्ध सायकलमार्गही असाच कामाच्या रस्त्यावर उभा आहे. जर्मनीतलं पासाऊ ते व्हिएन्ना, सुमारे ३०० किलोमीटर. तिथे पूर्वी घोडे काठावरून चालत प्रवाहाविरुद्ध मालाच्या नावा ओढायचे. घोडे गेले, वाट उरली. तिच्यावर आता म्हातारी माणसंही सामान बांधून आठ-आठ दिवसांचा प्रवास करतात.

(दृश्य: सायकलचा जवळून शॉट. मडगार्ड आणि टायरमध्ये काळी माती ठासलेली. एक काडी ती उकरतेय.)

आता हे बघा. पाळीवरचा मुरूम संपला आणि सायकल पांदणीत उतरली. काळी माती. कोरडी असेल तर दगडासारखी टणक, बैलगाडीच्या चाकोऱ्यांसकट. ओली असेल तर दहा पावलांत टायरला थर चढतो, मडगार्डखाली ठासतो आणि चाक फिरायचं थांबतं. मग काडीने उकरा, दोन पावलं चला, परत उकरा. सायकल खांद्यावर घ्यावी म्हटलं तर तिचं वजन आता दुप्पट. म्हणून पावसाळ्यात हा मार्ग नाही म्हणजे नाही. उन्हाळ्यातही नाही, पारा ४५ च्या वर जातो. दिवाळी झाली की होळीपर्यंत, एवढाच हंगाम. त्यातही रब्बीसाठी नहरीला पाणी सुटलं की कुठे ना कुठे मायनर, म्हणजे नहरीची पोटशाखा, झिरपतो आणि खालची पांदण भिजते. पाणी सोडायची पाळी कधी आहे, हे आधी गावात विचारून निघालेलं बरं.

हंगामात पांदण रिकामी असते असंही समजू नका. धान कापलेला असतो, मळणीयंत्र आडवं उभं असतं, तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, ट्रॅक्टर समोरून येतो. अशा वेळी सायकलने बाजूला व्हायचं, घंटी वाजवायची नाही. रस्ता त्यांचा आहे, आपण पाहुणे. थांबलं की प्रश्न ठरलेला, “कोनच्या गावचे जी?” नागपूर म्हटल्यावर पुढचा प्रश्नही ठरलेला: मग बस का नाही घेतली?

(दृश्य: बांधावरची तार. तारेला बांधलेल्या जुन्या साड्या वाऱ्यावर हलताहेत.)

दोन गोष्टींपासून जपायचं. एक, बाभळीचा काटा. कुंपणाला ओढून आणलेल्या फांद्यांचे तुकडे पांदणीत पडतात आणि पातळ टायरची शोभा करतात. इथे महागडी रेसिंग सायकल काही कामाची नाही. गावातली काळी, जाड टायरची सायकल याच वाटेने दुधाचे कॅन नेते. दुसरी, झटका मशीन. रानडुकरं पीक लोळवतात म्हणून शेताभोवती सोलरवर चालणारी तार असते. साड्या दिसल्या तर तारही असणारच, असं धरून चाला आणि सायकल टेकवायला झाड शोधा, खांब नाही.

(दृश्य: नदीवरचा मोठा पूल. ट्रक, टिप्पर.)

सूर नदी ओलांडून मौद्याला पोचलो की मार्गाचा सगळ्यात वाईट तुकडा येतो. नहरीचं जाळं कन्हान नदीच्या डाव्या काठाला, आंभोरा उजव्या काठाला. नदी ओलांडायला सोयीचा पूल महामार्ग ५३ वरचा. नागपूर, भंडारा, रायपूर, अशी सगळी वाहतूक त्यावरून, आणि रेतीचे टिप्पर वेगळे. सायकलवरून उतरून, कडेने, एका रांगेत चालत जावं. अंतर थोडं आहे, पण लहान मुलाला घेऊन या मार्गाने या, असं आम्ही म्हणत नाही ते या पुलामुळे.

यात वाईट वाटून घेण्यासारखं फार नाही. ल्वारकाठचा मार्गही सगळा गाड्यांवाचूनचा नाही. कुठे स्वतंत्र वाट, कुठे कमी रहदारीचा खेड्याचा रस्ता, असं जोडत नेलंय. फरक इतकाच की तिथे असे अवघड तुकडे शोधून त्यांची सोय केली गेली आणि वळणावळणावर पाटी लावली. इथे पाटी नाही. फोनवरचा नकाशा पांदण दाखवतो, पण ती नाल्यापाशी संपते की रपट्याने, म्हणजे पाण्यालगतच्या ठेंगण्या पुलाने, पलीकडे जाते, हे त्याला माहीत नसतं.

(दृश्य: कुही परिसर. पुढे जाणारा डांबरी रस्ता थेट पाण्यात शिरतोय.)

कुही तालुक्यात तर नकाशा सरळ फसवतो. वैनगंगेवर खाली गोसेखुर्दचं धरण. त्याची पायाभरणी १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते झाली आणि पाणी साठायला पुढे बरीच वर्षं गेली. त्या पाण्याखाली गावं गेली, माणसं पुनर्वसनात गेली. रस्ते कोणी उचलून नेले नाहीत. चांगला रुंद, झाडांच्या सावलीचा, एकही गाडी नसलेला रस्ता सापडला म्हणून खूश व्हावं, तर अर्ध्या तासाने तो बॅकवॉटरमध्ये उतरतो.

कुहीवरून पूर्वी नॅरोगेजची छोटी रेल्वे जायची, नागपूरच्या इतवारीपासून नागभीडपर्यंत. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये ती ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली. युरोपात बंद पडलेल्या रुळांच्या जागी सायकलमार्ग झाले. जर्मनी, बेल्जियम, लक्झेंबर्ग असा जाणारा फेनबान त्यातलाच, १२५ किलोमीटरचा. आमच्यातल्या एकाला कुहीतही तसंच व्हावंसं वाटत होतं. पण कुहीच्या माणसाला मोठी रेल्वे हवी, आणि ते रास्तच आहे.

उजेड असेतो पोचायचं, ही अट इथे पाळाच. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य २०१२ साली झालं, ते याच पट्ट्यात. वाघ अभयारण्याची हद्द पाहून फिरत नाही.

(दृश्य: आंभोरा. वैनगंगेचं रुंद पात्र, तारांनी तोललेला नवा पूल.)

आंभोरा. कन्हान इथे वैनगंगेला मिळते, आणखी लहान नद्याही येतात. चैतन्येश्वराचं देऊळ टेकडीवर, पायथ्याशी ढिवरांचे, म्हणजे मासेमारांचे, डोंगे. पलीकडे भंडारा जिल्हा. नव्या पुलावर सुट्टीच्या दिवशी कारची रांग लागते, कारण तो आता पाहायचं ठिकाण झालाय. गाड्यांपासून पळत आलेल्याला शेवटी गाड्याच भेटतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी या.

राहायचा बेत असेल तर कुहीत आधी चौकशी करा. पुढे जायचं असेल तर धरणाखालून गोसेखुर्दचा उजवा कालवा निघतो आणि चंद्रपूर जिल्ह्याच्या धानपट्ट्यात शिरतो. त्याच्याही पाळीवरून सेवारस्ता आहे. कुठे मुरूम आहे, कुठे पाळ खचली आहे, नाल्यावर पलीकडे जायला काय आहे, हे आम्ही अजून पाहिलेलं नाही. कापणी झाली की निघू.