व्लादिमिर्का: लेवितानचा रस्ता

मंडळी, जाहीर विषय आहे 'इसाक लेवितान: जीवन आणि चित्रं', म्हणजे एकोणिसाव्या शतकातला रशियन निसर्गचित्रकार. तिकडे येतोच, पण आधी एका चित्रापाशी थांबू द्या. लेवितान म्हटलं की पिवळीधमक झाडं, संथ नदी, 'वा, काय निसर्ग आहे!' एवढ्यावर त्याची बोळवण होते, आणि मला त्याचा खरोखर राग येतो. रशियन वास्तववाद म्हणून चित्रकार रेपिनचे बोट ओढणारे मजूर दाखवतात आणि लेवितान जातो कॅलेंडरवर. वास्तव काय फक्त माणसाच्या चेहऱ्यावर असतं?

हे पाहा, 'व्लादिमिर्का', १८९२. मागच्या रांगेत दिसतंय ना? करडं आभाळ, सपाट माळ आणि क्षितिजापर्यंत गेलेला कच्चा रस्ता. बाजूला लाकडी देवखांब, म्हणजे देवाचं चित्र लावलेला खांब, त्याच्यापाशी एक इवलीशी यात्रेकरू बाई. बस्स. आता गोष्ट ऐका. त्या उन्हाळ्यात लेवितान व्लादिमिर प्रांतात राहत होता. सोबत चित्रकार सोफिया कुवशिन्निकोवा होती. हा प्रसंग तिनेच आठवणींत लिहून ठेवलाय. दोघं शिकारीहून परतताना एका जुन्या रस्त्याला लागली. संध्याकाळची वेळ, रस्ता देखणा, दोघंही खूश. आणि एकदम लेवितानच्या लक्षात आलं, अरे, ही तर व्लादिमिर्का! पायांत बेड्या घातलेले कैदी पिढ्यान्‌पिढ्या याच वाटेने सैबेरियाला चालत गेले. दुसऱ्या दिवशी तो मोठा कॅनव्हास घेऊन तिथे हजर.

आता मुख्य रस्त्याच्या कडेच्या पायवाटा बघा. त्या कुणी आखल्या नाहीत, चालून चालून पडल्या. चित्रात एकही कैदी नाही, पण इतक्या पावलांचा हिशेब जमिनीवर उमटलाय. मी याला वास्तववाद म्हणतो, आणि पहिल्या प्रतीचा.

आणि हे रंगवणारा कोण? ज्यू असल्यामुळे मॉस्कोतून हाकललेला माणूस. १८७९ मध्ये झारवर हल्ला झाला तेव्हा ज्यूंना शहराबाहेर काढलं, त्यात हाही होता. अठरा वर्षांचा, आईबाप दोघंही गेलेले. १८९२ मध्ये पुन्हा तेच. मित्रांनी खटपट केली म्हणून परत येता आलं. हद्दपारी त्याला पुस्तकातून कळलेली नव्हती. पुढे त्याने हे चित्र मॉस्कोचा चित्रसंग्राहक त्रेत्याकोव्ह याला भेट देऊन टाकलं.

चिठ्ठी आली, वेळ संपत आलीय. मग भराभर सांगतो. गुरू सावरासोव्ह, 'कावळे परतले' हे १८७१ चं चित्र त्याचं. वितळता बर्फ, चिखल, वाकडीतिकडी बर्च झाडं. साध्यासुध्या गावात चित्र असतं हे लेवितान त्याच्याकडून शिकला. मग व्होल्गाकाठचं प्ल्योस, १८८८ पासूनचे उन्हाळे. १८९४ चं 'चिरशांतीच्या वर' हे अफाट पाणी, कडेला लाकडी चर्च आणि कबरी असलेलं चित्र. लगेच १८९५ मध्ये 'मार्च': घोडा, पिवळी भिंत, निळ्या सावल्यांचा बर्फ. सतत उदास चित्रकार असं ज्यांनी लिहिलंय त्यांनी हा बर्फ पाहावा. १८९८ पासून ज्या मॉस्कोच्या कलाशाळेत तो स्वतः उपाशीपोटी शिकला तिथेच निसर्गचित्रण शिकवू लागला. १९०० मध्ये, चाळिशीही पूर्ण व्हायच्या आत, हृदयविकाराने गेला. 'सरोवर' हे मोठं चित्र अपुरंच राहिलं.

त्याच्या रंगांबद्दल बोलायचं राहिलंच. ज्यांना थांबता येईल त्यांनी थांबा, 'मार्च'मधल्या सावल्या मी जवळून दाखवतो.