सप्ताहातल्या पोरींचा रांजण

पोरींनो, हरिपाठाला अर्धा तास आहे, तेवढ्यात बोलते.

सप्ताहात तुमच्या वाट्याला काय येतं? डोक्यावर कळस, दारात रांगोळी, पंगतीत वाढणं. मीही कळस घेऊन मिरवलेय, त्यात आनंदच आहे. पण काला झाला की मांडवाबरोबर तुमची सेवाही सुटते, हे मला कित्येक वर्षं खुपतंय.

१९७२ चं सांगते. मी बारा वर्षांची. गावाबाहेर पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं होतं. बाया दिवसभर खडी फोडायच्या, पोरांना सुकडी, घरी मिलो ज्वारीच्या भाकरी. आज्जीनं बाभळीखाली रांजण अर्धा पुरला, तोंडाला ओलं फडकं बांधलं आणि मला तिथं बसवलं. येईल त्याच्या हातात मी तांब्या देत होते. एका बाईला मात्र वरून ओतलं. कुणी शिकवलं नव्हतं. बघून बघून आलं होतं. तिनं ओंजळ तोंडाला लावली, अर्धं पाणी कोपरावरून धुळीत गेलं. त्या साली, माय, धुळीत!

आज्जी बघत होती. ओरडली नाही. तांब्या भरला, त्या बाईच्या हातात दिला. तिचं पिऊन झालं, मग त्याच तांब्यात उरलेलं पाणी स्वतः प्याली. संध्याकाळी मला म्हणाली, "पैठणच्या नाथांनी कावडीतली गंगा गाढवाला पाजली, ती काय लांबून ओतली का गं?"

त्या बाईचं नावही मी विचारलं नाही. ते अजून सलतं.

म्हणून माझं मागणं एकच, पाणपोई. होळीनंतर सहाव्या दिवशी नाथषष्ठी. दिंड्यांना पाणी द्यालच. पण वैशाखात एसटीची वाट बघणाऱ्या म्हातारीलाही द्या. होळीपासून मृगापर्यंत, रोज दोघी. रांजण रोज घासायचा, पाणी काढायला लांब दांड्याचं ओगराळं, पेला स्टीलचा आणि तो हातात द्यायचा. उन्हानं कुणी गळालं आणि शुद्धीवर असेल तर लिटरभर पाण्यात चहाच्या चमच्यानं सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ घालून घोट घोट पाजा आणि लगेच दवाखान्यात न्या.

टाळ वाजायला लागले, महाराज आले वाटतं. बाकीचं पटापट सांगते. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या जातात, लेकरं आज्जीपाशी राहतात. हरिपाठ झाला की ओसरीवर तासभर त्यांचं वाचन घ्या. जनाबाई गंगाखेडची, आपल्याच गोदाकाठची. तिच्यासारख्या दळता दळता गायलेल्या ओव्या तुमच्या आज्ज्यांना येतात; मोबाइलमध्ये भरून घ्या, वहीत आज्जीचं नाव लिहा. आणि वर्गातली मैत्रीण अठराच्या आत बोहल्यावर चढत असेल तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर लावा. फोन फुकट आहे. त्यालाही मी सेवाच म्हणते.

रांजण माझ्या अंगणात आहे, उचलायला चौघी या. उद्या सकाळी सात वाजता, थांब्याजवळच्या लिंबाखाली. वही मी आणते, पाळ्या तिथंच लिहू.