चिल्लर किती दाखवू?

(पडद्यावर: जाड पांढरा कागद, अगदी जवळून. निळ्या पेन्सिलीच्या पुसट रेघा, त्यावर काळी शाई.)

हा कागद नीट बघा. अकरा इंच रुंद, सतरा इंच उंच. अमेरिकेत कॉमिक्सचं पान साधारण एवढ्या मापाच्या ब्रिस्टल बोर्डवर, म्हणजे असल्या जाड गुळगुळीत कागदावर, काढतात आणि छापताना लहान करतात. म्हणून अंकात रेषा इतकी नेटकी दिसते. मूळ कागदावर ती तशी नसते. हे बघा, इथे ब्रश घसरलाय आणि वर पांढरा रंग फासून चूक झाकलीय. या कोपऱ्यात हाताचा पंजा तीनदा काढून बघितलाय, निळ्या पेन्सिलीने. निळीच का? जुन्या छपाईच्या कॅमेऱ्याला फिकट निळा दिसायचाच नाही. खोडत बसायची गरज नाही, थेट वरून शाई मारायची.

छापखान्याच्या लेखी फिल्म निघाली की या कागदाचं काम संपलं. कित्येक वर्षं असे कागद गोदामात पडले, कुणी वाटले, बरेचसे फाडून टाकले. चित्र अंकात आलंय ना, मग कागद कशाला जपायचा, असा सरळ हिशोब होता. जॅक कर्बीसारख्या चित्रकाराला आपलीच पानं परत मिळवण्यासाठी मार्व्हल कंपनीशी अनेक वर्षं भांडावं लागलं. १९८७ साली त्याला सुमारे दोन हजार पानं मिळाली. काढली होती त्याच्या कितीतरी पट.

आणि आज लोक असाच एक कागद आपल्यासाठी, आपण सांगू ते पात्र घालून, काढून घ्यायला रांगा लावतात. त्याला म्हणतात कमिशन. आपल्याकडे कमिशन म्हटलं की आधी दलाली आठवते, पण इथे मधे कुणी नाही. वाचक आणि चित्रकार, दोघंच. निदान सुरुवातीला तरी दोघंच.

(पडद्यावर: नाण्यांचा ढीग. एक नाणं घरंगळत खाली येतं.)

नव्वदच्या दशकात रविवारी दूरदर्शनवर हिंदीतलं 'डकटेल्स' ज्यांनी बघितलंय, त्यांना नाण्यांच्या ढिगात सूर मारणारा म्हातारा बदक सांगायला नको. अंकल स्क्रूज. नात्याने खरं तर मामा, डोनाल्डच्या आईचा भाऊ. आपण मामाच म्हणू. हा मामा १९४७ साली जन्माला घातला कार्ल बार्क्स या माणसाने. त्याच्या तिजोरीत पैसा किती? बार्क्सने माप दिलंय तीन घन एकर. एकर घन कसा होतो ते विचारू नका.

बार्क्स १९०१ साली ऑरेगन राज्यातल्या एका शेतकऱ्याच्या घरी जन्मला. १९३५ ते १९४२ डिस्नेच्या स्टुडिओत नोकरी केली आणि मग चोवीसएक वर्षं घरी बसून बदकांच्या गोष्टी लिहिल्या आणि काढल्या. अंकावर नाव मात्र वॉल्ट डिस्नेचं. पोरांना कळायचं की डोनाल्डच्या सगळ्या गोष्टी एका हातच्या नाहीत, त्यातला एक जण फार भारी काढतो. नाव ठाऊक नसल्याने ते त्याला 'चांगला चित्रकार' म्हणत. एवढंच. काही वाचकांनी पुढे खटपट करून त्याचं नाव शोधून काढलं आणि बार्क्सला चाहत्यांची पत्रं यायला लागली, तेव्हा तो साठीला टेकला होता.

१९६६ साली तो निवृत्त झाला. त्याची बायको गॅरे निसर्गचित्रं काढायची आणि गावोगावच्या प्रदर्शनांत विकायची. हाही तिच्याबरोबर जाऊ लागला, शेताबांधाची तैलचित्रं घेऊन. बदकांची हजारो पानं काढलेला माणूस मांडवात बसून कोठारांची आणि झाडांची चित्रं विकतोय. आणि त्या हजारो पानांचे मूळ कागद? प्रकाशकाने जवळजवळ सगळे नष्ट केलेले.

आता गंमत बघा. १९७१ साली ग्लेन ब्रे नावाच्या एका चाहत्याने बार्क्सला विचारलं, अमुक अंकाच्या मुखपृष्ठावरचं चित्र मला तैलरंगात काढून द्याल का? मूळ मिळणं शक्यच नव्हतं, म्हणून ज्या हाताने ते काढलं त्याच हाताला पुन्हा काढायला सांगायचं. मला तरी कमिशन या प्रकाराचं मूळ या एका प्रश्नात दिसतं. जो कागद रद्दीत गेला, तोच वाचकाला हवा होता.

बार्क्स मात्र जुन्या वळणाचा. पात्रं माझी नाहीत, डिस्नेची आहेत, हे तो विसरला नाही. त्याने रीतसर पत्र लिहून परवानगी मागितली. जुलै १९७१ मध्ये डिस्नेने ती दिली, तीही रॉयल्टी न घेता. एवढ्या मोठ्या कंपनीने हे का केलं असेल? माझा अंदाज असा की एक निवृत्त म्हातारा वर्षाकाठी चार चित्रं विकेल, त्यात काय, असं वाटलं असावं.

(पडद्यावर: लिफाफ्यांची चळत. वर आणखी एक लिफाफा पडतो.)

चारावर कोण थांबतंय! बार्क्स ऑर्डरी घेतो ही बातमी पसरली आणि पत्रांचा पाऊस पडला. पुढची काही वर्षं हलायला सवड मिळणार नाही इतक्या ऑर्डरी. आता ही चित्रं म्हणजे काय काम असतं ते लक्षात घ्या. अंकात तिजोरी काढायची तर शाईचे चार गोल आणि बाकी ठिपके, डोळा उरलेलं भरून घेतो. तैलरंगात तशी सोय नाही. प्रत्येक नाण्याला कड हवी, कडेला सावली हवी, जिथे दिव्याचा उजेड पडतो तिथे पिवळ्यावर पांढऱ्याचा एक टिपका हवा, आणि शेजारच्या नाण्याला तो वेगळ्या जागी. बार्क्सने तिजोरीच्या आतली चित्रं केली आहेत. त्यांच्यासमोर उभं राहिलं की आधी मामा दिसतो, मग नाणी, आणि मग सत्तरी ओलांडलेल्या माणसाचं मनगट आठवतं.

ऑर्डरींचा डोंगर बघून तो हबकला. तेव्हा ब्रूस हॅमिल्टन आणि रस कॉक्रन या चाहत्या व्यापाऱ्यांनी सुचवलं, ऑर्डरी बंद करा, तुम्हाला हवं ते काढा आणि लिलावात विका. सप्टेंबर १९७४ पर्यंत बार्क्सने ऑर्डरी घेणं थांबवलं होतं. म्हणजे ज्याच्या नावावर हा सगळा प्रकार गाजला, तो जेमतेम तीन वर्षं टिकला यात! आज एखादा चित्रकार 'कमिशन बंद' अशी पाटी लावतो तेव्हा लोक त्याला शिष्ट म्हणतात. मला बार्क्स आठवतो.

१९७६ साली तो बॉस्टनच्या कॉमिक्स संमेलनाला गेला. आयुष्यातलं पहिलंच संमेलन, वय पंचाहत्तर. तिथे त्याच्या एका मोठ्या तैलचित्राचा लिलाव झाला. चित्रात बदकांच्या गावात ४ जुलैचा, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा सण चाललाय, आणि गर्दीत त्याने आपल्या ओळखीचे खरेखुरे चाहते आणि संग्राहक घुसवलेत. चित्र गेलं ६,४०० डॉलरला. तोवरची त्याच्या चित्राची सगळ्यात मोठी किंमत.

आणि त्यानंतर लगेच माशी शिंकली. एका चाहत्याने मामाच्या काही चित्रांच्या परवानगीशिवाय प्रती छापून विकल्या. डिस्नेने काय केलं? बार्क्सचीच परवानगी काढून घेतली. शंभराहून जास्त चित्रं झाली होती, तिथेच थांबली.

त्यानंतर त्याने डिस्नेची नसलेली बदकं काढली. जुन्या इंग्रजी काव्यातल्या बेओवुल्फ या वीराच्या वेषातलं बदक, इराणच्या झर्क्सीझ राजाच्या दरबारातलं बदक. हात तोच, रंग तेच, पण मला ती चित्रं परक्याच्या घरी जेवायला बसल्यासारखी वाटतात. १९८१ साली डिस्नेने पुन्हा परवानगी दिली आणि मामा परतला. आज ही तैलचित्रं लिलावाला येतात तेव्हा आकडे लाखाच्या घरात जातात. अर्थात डॉलर.

(पडद्यावर: संमेलनाचा हॉल. टेबलांची लांब रांग, मागे मान खाली घालून बसलेले चित्रकार.)

आता आजच्या काळात येऊ. सॅन डिएगोचं कॉमिक-कॉन १९७० पासून भरतंय. अशा प्रत्येक संमेलनात एक भाग असतो, त्याला आर्टिस्ट ॲली म्हणतात. नुसती टेबलं. सकाळी दार उघडलं की जाणकार लोक कुठेही न बघता थेट इकडे धावतात, कारण नावाजलेल्या चित्रकाराची दिवसाची यादी तासाभरात भरते. दरपत्रक समोर चिकटवलेलं असतं. फक्त चेहरा, कमरेपर्यंत, पूर्ण आकृती. दुसरं पात्र घातलं की पैसे वाढले, पार्श्वभूमी मागितली की आणखी वाढले. केशकर्तनालयासारखाच प्रकार, दाढीचे वेगळे. काही जण कोरं मुखपृष्ठ असलेला अंक घेऊन येतात. प्रकाशक तसे अंक मुद्दाम काढतात, त्यावर चित्र काढून घ्यायला.

फ्रान्स-बेल्जियमकडे रीत वेगळी. तिथे पुस्तक विकत घेतलं की चित्रकार पहिल्या पानावर चित्र काढून देतो, फुकट. तासन्‌तास रांगा लागतात. काही महाभाग तेच पुस्तक दुसऱ्या दिवशी चढ्या भावाने विकायला काढतात. म्हणून चित्रकार आधी नाव विचारतो आणि चित्रातच ठळक लिहितो, अमक्याला सप्रेम.

आपल्याकडे १९६७ साली अमर चित्र कथा सुरू झाली. तिचा 'कृष्ण' काढला राम वाईरकरांनी, पुढे त्यांनीच 'टिंकल' मासिकातल्या वेंधळ्या सुपंडीला चेहरा दिला. पुण्याच्या प्रताप मुळीकांनी तर कितीतरी अंक रंगवले. त्यांच्याकडे जाऊन 'माझ्यासाठी एक काढून द्या' म्हणावं, असं आमच्या पिढीच्या मनातही आलं नाही. कुठे जायचं तेच माहीत नव्हतं. २०११ साली दिल्लीत कॉमिक-कॉन सुरू झालं, मग मुंबईतही आलं, आणि चित्रकार टेबलापलीकडे हाताच्या अंतरावर बसलेले दिसायला लागले.

माझी पहिली ऑर्डर फसली, आणि चूक माझी होती. परदेशातल्या एका चित्रकाराला मी तीन पानी वर्णन पाठवलं, सोबत अकरा फोटो. टोपी अशी, उजेड तसा, बोटं इतकी वाकलेली. बिचाऱ्याने सगळं तंतोतंत केलं. सात महिन्यांनी पार्सल आलं, उघडलं, आणि चित्रात चूक काढायला जागा नव्हती. जीवही नव्हता. शाळेत निबंधाचे मुद्दे दिलेले असतात ना, तसं. ते अजून कपाटावर नळीतच आहे.

पैशाचं म्हणाल तर अर्धे आधी, अर्धे पक्कं पेन्सिलचित्र बघितल्यावर, हे दोघांनाही बरं पडतं. पेन्सिलीच्या टप्प्यावर हात सरकवता येतो, शाई लागल्यावर 'जरा मान वळवा' म्हणणाऱ्याला चित्रकार मनात काय म्हणतो ते इथे सांगण्यासारखं नाही. आणि हक्काचं आधीच लिहून ठेवावं. अमेरिकेत कागद तुमचा झाला तरी चित्र छापायचा हक्क लेखी दिल्याशिवाय चित्रकाराकडेच राहतो. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा उलटं म्हणतो. मोबदला देऊन काढून घेतलेल्या पेंटिंगचा किंवा पोर्ट्रेटचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा. पण पात्रच दुसऱ्या कंपनीचं असेल, तर या दोघांच्या भांडणाला तसाही अर्थ नाही. टी-शर्टवर छापायला गेलात की तिसरा मालक दारात उभा. बार्क्सला विचारा.

(पडद्यावर: मुंबईतला हॉल. गर्दीचा आवाज. कागदावर पेन्सिल फिरतेय.)

यंदा मी पुन्हा धीर केला. टेबलापलीकडे एक पन्नाशीचे गृहस्थ, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. मी म्हटलं, "काका, स्क्रूज मामा हवाय. विरार लोकलमध्ये."

त्यांनी चष्मा वर केला. "फर्स्ट क्लास की सेकंड?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"सेकंडच. तोही पास काढून." आणि हसत त्यांनी निळी पेन्सिल उचलली. आधी खिडकीचे गज आले, मग लटकणारी कडी, मग कडीपर्यंत हात न पोचणारा मामा. चोच उघडी, टोपी मागच्या माणसाच्या कोपराने वाकडी झालेली. मी कोपर सांगितलंच नव्हतं. शेजारच्या स्टॉलवर कुणीतरी स्पीकर लावला, त्यांनी मान वर केली नाही. मामाचा मोकळा हात कोटाच्या खिशात घट्ट धरलेला, आणि खिशाची शिवण उसवलेली. तिथे येऊन पेन्सिल थांबली.

"चिल्लर सांडतेय खाली," ते म्हणाले. "किती दाखवू?"

मी म्हटलं, "हाताला येईल तितकी."

ब्रश शाईत बुडाला. एकेक गोल, एकेक कड, आणि प्रत्येक नाण्याला वेगळ्या जागी सोडलेला पांढरा टिपका. वीस मिनिटं फक्त चिल्लर चालली होती. मागे उभा असलेला मुलगा आईला म्हणाला, "अजून किती?" आणि काकांनी त्याच्याकडे न बघताच आणखी एक काढलं.

घरी येऊन मोजली. सत्तावीस. अठ्ठाविसावं कागदाच्या कडेला अर्धंच आहे, आणि त्याच्या आत, जिथे नाण्यावर साल असतं तिथे, त्यांची सही.