हरिसा: मिरची, ऊन आणि तेल

नाबेल. ट्युनिशियाच्या कॅप बाँ भागातलं समुद्राकाठचं गाव. उन्हाळा सरता सरता इथे घरांच्या भिंतींवर लाल मिरच्यांच्या लांबच लांब माळा लटकायला लागतात, दोऱ्यात ओवलेल्या, आणि वारा आला की खुळखुळतात. ही बकलूती मिरची. जाड सालीची, मध्यम तिखट, आणि वाळली की जवळजवळ गोडसर वास येतो तिला.

हिचीच हरिसा होते, लसूण आणि मसाल्यांसोबत कुटलेली घट्ट मिरची.

हरिसा हा शब्द अरबी ‘हरस’ वरून आलाय, म्हणजे कुटणे. आपल्याकडे हैदराबादी हलीम खातो ना आपण, त्याचा पूर्वज जो अरबी हरीस, गहू आणि मटण घोटून केलेला, त्याचंही मूळ हेच, फक्त इथे खलात मिरची पडली. आणि मिरची तरी इथली कुठे? ती अमेरिकेतून आली, 16व्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर, जवळपास त्याच काळात ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्याला उतरली. एकच पाहुणी, दोन घरं, आणि दोन्हीकडे घरचीच झाली.

आता हात बघा. देठ काढला, मिरची उभी चिरली, बिया झटकल्या. हे काम बायका एकत्र बसून करतात, शेजारणी, नणंदा, जावा, आणि गप्पांना काही अंत नसतो. घरी करायची तर पाव किलो सुक्या मिरच्या पुरेत. धुवायच्या, कोमट पाण्यात अर्धा तास ठेवायच्या, आणि मग, इथेच बहुतेकांची चूक होते, त्या चाळणीत नीट निथळू द्यायच्या, हाताने दाबून पाणी काढायचं, घाई करायची नाही. उन्हाने एकदा पाणी काढलं, आपण परत घातलं ते फक्त साल मऊ व्हायला, ते आत राहिलं की हरिसा पातळ होते आणि टिकत पण नाही.

मग लसूण, आठ-दहा पाकळ्या. दोन चमचे धणे, एक चमचा कॅरवे, आपलं शहाजिरं त्याच्या बरंच जवळचं आहे, आणि दीड-दोन मोठे चमचे मीठ. मसाले ताजेच कुटायचे. मला विचाराल तर हरिसाची ओळख तिखटात नाहीच, ती या कॅरवेत आहे, तो काढा आणि उरते ती नुसती मिरचीची चटणी.

इथे सगळं खलात कुटतात, नाहीतर खिमा काढायच्या हाताच्या मशीनमधून काढतात, दोनदा काढलं की छान एकजीव होतं. मिक्सर चालतो, पण थांबून थांबून फिरवा आणि पाणी घालू नका, अडलंच तर ऑलिव्ह ऑइल घाला. बकलूती मिळाली नाही तर ब्याडगी घ्या रंगाला आणि थोडी तिखट मिरची सोबत, चव अगदी तीच येणार नाही, पण त्या बाजूची नक्की येते.

2022 मध्ये युनेस्कोने हरिसाची ही सगळी कला, शेतापासून बरणीपर्यंत, अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. खूप योग्य केलं असं मला मनापासून वाटतं, कारण ही कला पुस्तकात नाही, ती आईच्या हातातून मुलीच्या हातात जाते.

बरणी कोरडी हवी. काचेची किंवा मातीची. हरिसा दाबून भरायची, आत हवा राहता कामा नये, वर ऑलिव्ह ऑइलचा बोटभर थर, आणि घरची असेल तर फ्रीजमध्ये. दर वेळी कोरडा चमचा घाला, आणि काढून झालं की वरून परत तेल.

पहिल्या दिवशी लसूण जरा अंगावर येतो. दोन दिवस थांबा. तिसऱ्या दिवशी सकाळी बशीत चमचाभर हरिसा घ्या, भोवती भरपूर तेल ओता, थोडी ट्यूना, दोन ऑलिव्ह, आणि गरम पाव हाताने तोडा, इथे सकाळ अशीच सुरू होते.