एका पौंडात विकलेला क्लब

नमस्कार मंडळी, कसे आहात सगळे? आज फुटबॉलबद्दल बोलायचंय, पण मॅंचेस्टर युनायटेड, लिव्हरपूल, आर्सेनल नाही, त्यांच्या मॅचेस तुम्ही रात्री जागून बघताच. मॅंचेस्टरच्या उत्तरेला ट्रामने साधारण अर्ध्या तासावर बेरी नावाचं गाव आहे, त्या गावच्या क्लबबद्दल बोलायचंय. आणि खरं तर क्लबपेक्षा त्याच्या चेअरमनबद्दल, कारण एक माणूस चेअरमनच्या खुर्चीत बसला की आख्ख्या गावाचं काय होऊ शकतं ते बेरीने सोसलंय.

बेरी फुटबॉल क्लब 1885 सालचा. ग्राउंडचं नाव गिग लेन. 1894 पासून हा क्लब इंग्लिश फुटबॉल लीगमधे होता, म्हणजे सव्वाशे वर्षं. दोनदा एफए कप, म्हणजे इंग्लंडमधली लहानमोठ्या सगळ्या क्लबांची बाद फेरीची स्पर्धा, जिंकलाय, 1900 मधे साउदॅम्प्टनला 4-0 हरवून आणि 1903 मधे डर्बी काउंटीला 6-0 हरवून. आणि 1903 ला तर आख्ख्या स्पर्धेत यांच्यावर एकही गोल झाला नव्हता! कप फायनलमधला तो 6-0 चा विजय सगळ्यात मोठा, 116 वर्षं कोणालाच गाठता आला नाही, शेवटी मे 2019 मधे मॅंचेस्टर सिटीने वॉटफर्डला 6-0 हरवलं तेव्हा बरोबरी झाली. आणि त्याच 2019 च्या ऑगस्टमधे बेरी क्लब लीगमधून हद्दपार झाला.

आता हे झालं कसं. 2013 ला स्टुअर्ट डे नावाचा बिल्डर क्लबचा मालक आणि चेअरमन झाला. विद्यार्थ्यांची हॉस्टेलं बांधायचा धंदा. माणूस जोशात होता, क्लबला वर न्यायचं म्हणून चांगले प्लेयर आणले, पगार वाढवले. पण खालच्या लीगमधे टीव्हीचा पैसा किती येतो हो, प्रीमियर लीगच्या मानाने चिल्लरच. तिकिटं, शर्ट, दोन-चार स्पॉन्सर यांच्यावर एवढे पगार निघत नाहीत, मग दरवर्षी मालक खिशातून घालणार आणि त्याचा खिसा रिकामा झाला की कर्ज काढणार. गिग लेन ग्राउंड गहाण पडलं. इतकंच काय, ग्राउंडबाहेरच्या पार्किंगच्या जागासुद्धा व्याजाचं आमिष दाखवून गुंतवणूकदारांना विकल्या! फुटबॉल क्लबच्या पार्किंगवर लोकांची बचत गुंतवायची, ही कल्पना आजही माझ्या गळी उतरत नाही.

मग डेचा स्वतःचा धंदा अडचणीत आला आणि डिसेंबर 2018 मधे त्याने क्लब स्टीव्ह डेल नावाच्या दुसऱ्या बिझनेसमनला विकला. किंमत एक पौंड. फक्त एक, पण त्या पौंडासोबत सगळं कर्ज आलं. आणि मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू, लीग चालवणारी जी संस्था आहे ईएफएल, तिच्या नियमात अशी फट होती की आधी ताबा घ्या आणि पैसे कुठून आणणार ते नंतर दाखवा. डेलने ताबा घेतला, पुरावा मागत मागत महिने गेले, समाधानकारक पुरावा काही आला नाही. आपल्याकडे साधं गाडीचं लोन घ्यायला गेलं तरी बँक सॅलरी स्लिप मागते, आणि इथे सव्वाशे वर्षांची संस्था ताब्यात देताना कोणी आधी विचारलंच नाही.

पोरांनी मात्र कमाल केली. रायन लो मॅनेजर होता. 2019 च्या वसंतात प्लेयर आणि स्टाफचे पगार थकले होते, कोणाच्या घरभाड्याचा प्रश्न, कोणाचे हप्ते, आणि तरी ही टीम खेळत राहिली. 30 एप्रिलला ट्रॅनमियर क्लबच्या ग्राउंडवर 1-1 बरोबरी झाली आणि बेरी लीग वनमधे गेली, म्हणजे प्रीमियर लीग ही पहिली पायरी धरली तर वरून तिसऱ्या पायरीवर. तिथे आलेले फॅन्स रडत होते, नाचत होते. पगार न मिळालेल्या प्लेयर्सनी मिळवलेलं प्रमोशन आहे ते, आणि त्या टीमला लीग वनची एकही मॅच खेळायला मिळाली नाही.

जूनमधे रायन लो प्लिमथच्या क्लबकडे गेला, प्लेयर एकेक करून निघाले, त्यांना तरी काय बोलणार, पोट आहे प्रत्येकाला. जुलैमधे देणेकऱ्यांशी तडजोड झाली, फुटबॉलमधल्या लोकांचे पैसे पूर्ण द्यायचे आणि बाकीच्यांना रुपयाला चार आणे. या तडजोडीबद्दल शिक्षा म्हणून सीझन सुरू व्हायच्या आधीच वजा 12 पॉइंट. चार आण्यांवर बोळवण झाली ती गावातल्या छोट्या देणेकऱ्यांची, आणि चेअरमनशी त्यांनी कधी कसला सौदा केला नव्हता.

ऑगस्टमधे मॅचेस एकेक करून रद्द व्हायला लागल्या, कारण टीम चालवायला पैसे आहेत हे दाखवा मग खेळा असं ईएफएलचं म्हणणं. हे शहाणपण आठ महिने आधी सुचलं असतं तर! जॉय हार्ट म्हणून क्लबच्या माजी डायरेक्टर, त्यांचे वडील लेस हार्ट यांनी आख्खं आयुष्य या क्लबमधे घालवलं, एक स्टँड त्यांच्या नावाने आहे. या बाईंनी स्वतःला ग्राउंडबाहेरच्या पाइपला साखळीने बांधून घेतलं. आणि त्याच सुमारास डेल साहेब रेडिओवर सांगतात की मला बेरी नावाची फुटबॉल टीम आहे हेच माहीत नव्हतं. आता विचार करा, तुमचे आजोबा, वडील आणि तुम्ही ज्या स्टँडमधे उभे राहिलात त्याचा मालक हे म्हणतोय. गावच्या देवळाचा सातबारा देव कुठला हेच माहीत नसलेल्या माणसाच्या नावावर चढावा तसं झालं हे.

शेवटची मुदत होती 27 ऑगस्ट, मंगळवार, संध्याकाळचे पाच. एक कंपनी क्लब घ्यायला पुढे आली होती आणि लोकांना वाटलं सुटलो. त्या दिवशी शेकडो फॅन्स झाडू, बादल्या, फडकी घेऊन गिग लेनवर आले आणि खुर्च्या पुसायला लागले, का तर शनिवारी मॅच झाली तर ग्राउंड तयार पाहिजे. ते साफसफाई करत असतानाच दुपारी बातमी आली की कंपनीने हिशोब बघून हात वर केले. रात्री उशिरा ईएफएलने बेरीला काढून टाकल्याचं जाहीर केलं. मी ते फोटो तेव्हाही बघितले आणि हे लिहितानाही परत बघितले, त्या खुर्च्या पुसणाऱ्यांपैकी एकाचीही यात काडीची चूक नव्हती.

आता तुम्ही म्हणाल हे सगळं तिकडचं. पण बेरीपासून थोड्याच अंतरावर ब्लॅकबर्न आहे, आणि तिथल्या ब्लॅकबर्न रोव्हर्स क्लबचे मालक आपल्या पुण्याचे, कोंबडीवाले व्यंकीज. नोव्हेंबर 2010 मधे त्यांनी क्लब घेतला, 2012 ला तो प्रीमियर लीगमधून खाली आला, फॅन्सनी तर मॅच चालू असताना ग्राउंडवर कोंबडी सोडली होती. 2017 ला क्लब आणखी खाली, तिसऱ्या पायरीवर गेला आणि पुढच्याच वर्षी एक पायरी परत वर आला. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, व्यंकीजने वर्षानुवर्षं प्रचंड पैसा घातलाय, डेलसारखा प्रकार हा नाही. पण अलीकडे व्यंकीजवरच्या इथल्या सरकारी तपासामुळे तिकडे पैसे पाठवायला दिल्ली हायकोर्टाची परवानगी घ्यायची वेळ आली, म्हणजे लँकेशायरमधल्या क्लबचा खर्च दिल्लीतल्या तारखेवर! मालक चांगला असो की वाईट, सगळा डोलारा एकाच खिशावर उभा असला की क्लबचा जीव टांगणीला लागतो, आणि मालक पुण्यात बसलेत की बेरीच्या शेजारच्या गावात याने त्यात फरक पडत नाही.

बेरीच्या प्रकरणाने एक झालं, सरकारला जाग आली. 2021 मधे ट्रेसी क्राउच यांच्या समितीने रिपोर्ट दिला की फुटबॉलला स्वतंत्र नियामक पाहिजे, आणि जुलै 2025 मधे त्याचा कायदा झाला. आता क्लब घेणाऱ्याची माहिती, पैसा कुठून आला, पुढे कसा चालवणार हे सगळं आधी तपासायचं. सहा वर्षं लागली पण झालं.

आणि बेरीचे फॅन्स हातावर हात ठेवून बसले नाहीत. 2019 च्या शेवटी त्यांनी नवा क्लब काढला आणि 2020 मधे थेट दहाव्या पायरीवरून सुरुवात केली, तेही दुसऱ्याच्या ग्राउंडवर. 2022 मधे गिग लेन परत मिळवलं. मधे दोन गट पडले, भांडणं झाली, विलीनीकरणाचं पहिलं मतदान फसलं, 2023 ला जमलं आणि पुन्हा बेरी एफसी हेच नाव लागलं. आता मालक फॅन्सची सोसायटी आहे, एका सभासदाला एक मत, कितीही पैसेवाला असला तरी एकच. 2025 मधे प्रमोशन मिळून क्लब आठव्या पायरीवर आलाय, म्हणजे रायन लोच्या पोरांनी मिळवलेल्या जागेपासून अजून पाच पायऱ्या खाली. एवढ्या खालच्या फुटबॉलला एरवी काहीशे लोक येतात. गिग लेनवर तीन हजारांच्या वर येतायत.