एका टीएमसीचा हिशेब

मंडळी, कोयना म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती मेगावॅट? १९६० हे उत्तरही इथल्या निम्म्या लोकांना पाठ असेल. मला बोलायचंय ते ६७.५ टीएमसीबद्दल, म्हणजे ६७.५ अब्ज घनफूट पाण्याबद्दल. धरणात १०५ टीएमसी मावतं, पण सह्याद्री ओलांडून पश्चिमेला वर्षाकाठी न्यायला कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादानं एवढंच पाणी दिलंय. सगळं नियोजन या आकड्याच्या आत बसवावं लागतं.

पण आधी माझ्या आत्याची गोष्ट सांगतो, कारण हा विषय मला तिच्या अंगणात कळला.

आत्याचं घर चिपळूणच्या वरच्या अंगाला, वाशिष्ठीपासून जरा चढावर. मे महिन्यात आम्ही भावंडं तिकडे जायचो. वाडीतली विहीर तळाला गेलेली असायची. दोराला दोर जोडून कळशी सोडायची, ती खडकावर खणकन आपटायची आणि अर्धी गढूळ वर यायची. आणि खाली नदी मात्र भर उन्हाळ्यात मांडीभर वाहत असायची, थंडगार. वरच्या घाटमाथ्यावरचं कोयनेचं पाणी पोफळीच्या वीजगृहात वीज करून तिच्यात उतरत होतं. धुणं घेऊन बायका जायच्या त्या वेळ बघून. आत्या अंगणातून हाका मारायची, "दिवेलागणीच्या आत वर या रे, पाणी सोडतील!" एकदा मी ऐकलं नाही. काठच्या सपाट दगडावर काढून ठेवलेल्या माझ्या चपला बघता बघता तरंगल्या आणि गेल्या. मी रडत वर आलो. आत्या धारेवर कळशी विसळत होती. मान वर न करता म्हणाली, "तिकडे मुंबईत दिवे लागले असतील बघ."

पुढे नोकरीत पाण्याचे तक्ते करताना हे वाक्य माझ्या कानात असायचं. एका बैठकीसाठी तक्ता केला, त्यात चौथा रकाना घातला: अवजल. वीज करून झाल्यावर खाली उतरतं ते पाणी कुठे जातं, कोणाला मिळतं? छापील प्रतीत रकाने तीनच होते. विचारलं तर उत्तर मिळालं, "तो आपला विषय नाही." मग विषय कोणाचा? ज्यांच्या दारावरून नदी वाहते आणि घरात टँकरचं पाणी येतं, त्यांचा? याचा राग मला आजही आहे, आणि तो जाऊ नये असंच मला वाटतं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, सात मिनिटं. बरं, मुद्द्यावर येतो.

एक टीएमसी म्हणजे सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर. पोफळीला ते पावणेपाचशे मीटर खाली पडतं आणि सव्वातीन कोटी युनिटांच्या आसपास वीज देतं. तेच पाणी कोळकेवाडीला अडवून अलोरेच्या वीजगृहात पुन्हा वापरलं की आणखी पाऊण कोटी. म्हणजे टीएमसीला चार कोटी धरा.

१३ मार्च १९९९ ला लेक टॅपिंग झालं, म्हणजे भरलेल्या जलाशयाला खालून बोगद्यानं तोंड पाडलं, आणि कोयनेच्या चौथ्या टप्प्याचे १००० मेगावॅट आले. पाणी मात्र थेंबभरही वाढलं नाही. पोफळी आणि चौथा टप्पा मिळून १६०० मेगावॅट पूर्ण ताकदीनं चालवले तर वर्षाचा कोटा दिवसाला पावणेचार तासांत संपतो. ते संच बाकीचे तास बंद असतात म्हणून कोणी ओरडू नये, संध्याकाळच्या मागणीसाठीच ते बसवलेत. आता दुपारी सौर वीज येते, तेव्हा तर हे पाणी सूर्य मावळेपर्यंत राखूनच ठेवायला हवं.

पूर्वेचा हिशेब उलटा. धरणाच्या पायथ्याला ४० मेगावॅटचं छोटं वीजगृह, पुढे कराडला कृष्णा, आणि मग टेंभू, म्हैसाळ उपसा योजना तेच पाणी पंपानं वर चढवतात. पश्चिमेला पाणी वीज देतं, पूर्वेला वीज खातं आणि पीक देतं. म्हणून दोन्हीकडचं एकाच वहीत मांडा, वेगवेगळ्या खात्यांच्या वह्यांत नको.

आणि अवजल. माणशी रोज ५५ लिटर धरले तर एक टीएमसी चौदा लाख माणसांना वर्षभर पुरतं. ते शंभर मीटर चढवायला साधारण सव्वा कोटी युनिटं लागतील, आणि त्याच टीएमसीनं आपल्याला चार कोटी दिलेली असतात. तरी बहुतेक पाणी दाभोळच्या खाडीतून समुद्रात जातं. या विजेच्या उत्पन्नावर पहिला हक्क वाशिष्ठीकाठच्या वाड्यांच्या पंपांचा असला पाहिजे, आणि तो योजनेच्या अंदाजपत्रकातच लिहिलेला असला पाहिजे.

घंटा झाली. बाहेर टेबलावर तक्ता ठेवलाय, चार रकान्यांचा. चौथा मी हातानं आखलाय. ज्यांना हवा त्यांनी न्या.